मॉरिस मायनरच्या चाकामागचा हात : सर अ‍ॅलेक इस्सिगोनिस

मोटारीचा रंग, दिवे आणि गाद्या सर्वजण पाहतात; तिच्या पोटाखाली वाकून पाहणारे थोडे. तिथे प्रत्येक पुढच्या चाकामागे एक पोलादी हात असतो. त्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरे चाकाला धरलेले असते. माणसाचा हात खांद्यात फिरतो आणि मनगटात वळतो, तसाच हाही फिरतो आणि वळतो. खड्डा आला की तो वर उचलला जातो, खड्डा सरला की खाली येतो. यालाच सस्पेन्शन आर्म म्हणतात. खांदा झिजला किंवा मनगट ढिले झाले की गाडी खडखडते, टायर एका कडेने खाल्ला जातो, आणि तरीही मालकाने लक्ष दिले नाही तर एखाद्या वळणावर चाक बाहेर पडून गाडी गुडघ्यावर बसते.

हा हात घरच्या घरी बदलता येईल इतका साधा ज्याने केला, आणि पुढे दुसऱ्या एका गाडीत तो इतका अडचणीत कोंबला की घरच्या कारागिराच्या हाताला घट्टे पडावेत, त्या एकाच माणसाचे चरित्र आज आम्ही सांगणार आहोत. त्यांचे नाव अ‍ॅलेक इस्सिगोनिस. मॉरिस मायनर त्यांची आणि मिनीही त्यांचीच. या दोन्ही गाड्या आपल्या बेटावरच्या कित्येक घरांच्या अंगणात उभ्या राहिल्या आहेत. जाता जाता एक सांगून टाकतो. क्रिओलमध्ये आपण आपल्या देशाला मोरिस म्हणतो, म्हणून लहान मुलांना वाटे की ही गाडी आपल्याच नावाची. तसा संबंध काही नाही. बेटाचे नाव डच राजपुत्र मॉरिस याच्यावरून १५९८ साली पडले आणि गाडीचे नाव इंग्लंडातील ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिस या सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसावरून, जो पुढे लॉर्ड नफील्ड झाला.

इस्सिगोनिस मात्र जन्माने इंग्लंडचे नव्हते. त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी स्मर्ना या बंदरात झाला. हे शहर तेव्हा ऑटोमन तुर्की साम्राज्यात होते. आज त्याला इझमिर म्हणतात. घराणे ग्रीक, आई हुल्डा जर्मन वंशाची, आणि कागदोपत्री नागरिकत्व ब्रिटिश, कारण आजोबांनी तिथल्या ब्रिटिश रेल्वेच्या कामावर असताना ते मिळवले होते. वडील कॉन्स्टंटाइन यांचा जहाजांच्या यंत्रांचा कारखाना होता. मुलगा त्या कारखान्यात वाढला. लेथचा आवाज, तेलाचा वास आणि कागदावर रेखाटलेले यंत्र लोखंडात उतरताना पाहणे ही त्याची पहिली शाळा.

ती शाळा १९२२ साली बंद पडली. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या युद्धात ग्रीक सैन्य हरले, सप्टेंबरमध्ये तुर्की सैन्य स्मर्नात शिरले आणि थोड्याच दिवसांत शहराला प्रचंड आग लागली. ब्रिटिश नागरिक म्हणून या कुटुंबाला ब्रिटिश जहाजाने माल्टा बेटावर नेले. घर गेले, कारखाना गेला. वडील आधीच आजारी होते, ते माल्टातच वारले. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई १९२३ साली इंग्लंडला पोहोचली. ज्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून, कोकणातून गलबताने आणि मग बोटीने या बेटावर उतरले, त्यांना सर्व मागे टाकून नव्या किनाऱ्यावर उतरणे म्हणजे काय हे सांगायला नको. तेव्हापासून आई आणि मुलगा एकमेकांना सोडून राहिले नाहीत. इस्सिगोनिस यांनी लग्न केले नाही. आई १९७२ साली वारली तोपर्यंत दोघे एकाच घरात होती.

लंडनच्या बॅटर्सी पॉलिटेक्निकमध्ये ते इंजिनिअरिंग शिकले. चित्रकलेत उत्तम, गणितात कच्चे. गणिताच्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले आणि त्यामुळे पदवीचा मार्ग बंद होऊन पदविकेवर समाधान मानावे लागले. पुढे आयुष्यभर ते शुद्ध गणिताला नवनिर्मितीचा वैरी मानत आले. आमच्या मते हा त्यांचा हट्टच होता. गणित येणारी माणसे त्यांच्या हाताखाली होती म्हणून त्यांचा हट्ट चालला. शिक्षणानंतर आईला बरोबर घेऊन ते मोटारीने युरोप फिरले. १९२८ मध्ये लंडनच्या एका लहान कचेरीत अर्धस्वयंचलित गिअरच्या कामावर लागले आणि १९३४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या हंबर कंपनीत आले. तिथे त्यांना नेमके तेच काम मिळाले ज्यासाठी ते जन्माला आले होते : पुढच्या चाकांचे सस्पेन्शन.

त्या वेळची परिस्थिती अशी होती. बहुतेक गाड्यांच्या पुढे बैलगाडीच्या आखासारखा एक आडवा लोखंडी दांडा असे. त्याच्या दोन टोकांना दोन चाके आणि वर पोलादी पाटे. डावे चाक दगडावर चढले की दांडा तिरपा होई आणि उजवे चाकही वाकडे होई. सुकाणू हातात थरथरे. उपाय माहीत होता : प्रत्येक चाकाला आपापला हात द्यायचा, म्हणजे एका चाकाचे दुःख दुसऱ्याला कळणार नाही. पण हे हात किती लांब असावेत, वरचा आणि खालचा सारखे असावेत की कमी-जास्त, कोणत्या कोनात बसवावेत, यावर सर्व अवलंबून असते. हात चुकले तर गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालते. इंग्लंडातील कारखाने त्या काळी हे अंदाजपंचे शिकत होते.

इस्सिगोनिस यांनी ते कचेरीत अर्धे आणि घरी अर्धे शिकले. ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या गाडीवर ते शर्यती खेळत. तिचा पुढचा आस बदलून पाहत. मग जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर त्यांनी घरीच एक शर्यतीची गाडी बांधायला घेतली. तिला त्यांनी लाइटवेट स्पेशल असे साधे नाव दिले. काम १९३३ च्या सुमारास सुरू झाले आणि १९३८ मध्ये गाडी उभी राहिली. पाच वर्षे! नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि रविवारी, जवळजवळ सर्व काम हातांनी. करवत, कानस, ड्रिल आणि चिकाटी एवढेच भांडवल. वेगळा सांगाडा त्यांनी ठेवलाच नाही. प्लायवूडला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवून केलेली बॉडी हाच सांगाडा. चारही चाके स्वतंत्र. आणि पोलादी स्प्रिंगऐवजी रबर.

या गाडीच्या हातांपैकी प्रत्येक हात त्यांनी स्वतः आखला, कापला, घासला आणि बसवला. मोठ्या कारखान्यात आखणारा एक, कापणारा दुसरा आणि बसवणारा तिसरा असतो. नट चुकीच्या जागी असला तर आखणाऱ्याच्या बोटांना ते कळत नाही. इथे कळले. कोणता बोल्ट पान्याला सापडतो, कोणता सापडत नाही, कुठे हात आत जातो आणि कुठे सोलवटून निघतो, हे त्यांना त्या पाच वर्षांत समजले. १९३९ मध्ये ती गाडी टेकडी चढण्याच्या शर्यतीत उतरली. तिच्यापेक्षा किती तरी महागड्या गाड्यांच्या पंक्तीला ती मानाने बसली.

दरम्यान १९३६ मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे मॉरिस कंपनीत आले होते. तिथे जॅक डॅनियल्स हा शांत, गणितात पक्का ड्राफ्ट्समन त्यांना मिळाला. इस्सिगोनिस कागदाच्या चिटोऱ्यावर मोकळ्या हाताने चित्र काढत आणि डॅनियल्स त्याचे मापात बसणारे नकाशे करत. दोघांनी मिळून गुंडाळी स्प्रिंग आणि दोन हात असलेले एक पुढचे सस्पेन्शन तयार केले. युद्धापूर्वी खर्चाच्या भीतीने ते बाजूला ठेवले गेले, पण १९४७ मध्ये एम.जी. कंपनीच्या वाय प्रकारच्या गाडीत ते आले आणि त्याचेच वंशज एम.जी.बी. या खेळकर गाडीत १९८० पर्यंत चालत राहिले.

युद्ध चालू असतानाच मॉरिसचे सर माइल्स थॉमस यांच्या पाठिंब्याने एका छोट्या गाडीचे काम गुपचूप सुरू झाले. तिचे खासगी नाव मॉस्किटो, म्हणजे डास. तीच पुढची मॉरिस मायनर. डॅनियल्स हात आणि चाके पाहत, रेग जॉब बॉडी पाहत, आणि बाकी सर्व इस्सिगोनिस यांच्या डोक्यात. गाडी जवळजवळ पूर्ण झाली आणि १९४७ च्या अखेरीस त्यांना वाटले की ही फार अरुंद दिसते. त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली आणि दोन अर्धुके दूर सरकवत नेली. चार इंचांवर त्यांचे डोळे शांत झाले. तोपर्यंत बंपर तयार होऊन पडले होते, म्हणून पहिल्या गाड्यांच्या बंपरला मध्ये एक जोडपट्टी दिसते. बॉनेटवरचा मधला सपाट पट्टा हीसुद्धा त्या चार इंचांचीच खूण.

ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. लॉर्ड नफील्ड यांना ती मुळीच आवडली नव्हती. पाण्यात शिजवलेल्या अंड्याशी त्यांनी तिची तुलना केली आणि तिच्या निर्मात्याला भेटण्याचेही टाळले. पण गिऱ्हाइकाने तिला उचलून धरले. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली, आणि त्या आनंदात १९६१ साली फिक्या जांभळ्या रंगाच्या खास मायनर काढल्या गेल्या. १९७० नंतर लवकरच उत्पादन थांबले, तोपर्यंत एकूण सोळा लाखांवर गाड्या झाल्या होत्या.

आता आमच्या आवडीच्या भागाकडे येतो. मायनरच्या पुढच्या चाकामागे स्प्रिंग दिसत नाही. स्प्रिंगचे काम करते एक लांब पोलादी सळई. ती गाडीच्या लांबीच्या दिशेने मागे गेलेली असते आणि तिथे घट्ट बसवलेली असते. पुढचे टोक खालच्या हातात अडकवलेले. चाक वर उचलले की हात सळईला पिळतो, आणि सळई पीळ सोडवायला हाताला परत खाली ढकलते. हिला टॉर्शन बार म्हणतात. ओले कापड पिळून सोडले की ते उलगडते, तसेच. वरचा हात म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचाच दांडा. एकाच वस्तूकडून दोन कामे. खालचा हात दोन पोलादी पात्यांचा, एक पुढचे आणि एक मागचे. आतल्या टोकाला, म्हणजे खांद्यात, रबरी बुश. बाहेरच्या टोकाला, म्हणजे मनगटात, ट्रनिअन नावाचा पितळेसारख्या धातूचा तुकडा, ज्यात चाकाची उभी पिन आट्यांनी फिरते. सुकाणू फिरवले की ही पिन ट्रनिअनमध्ये स्क्रूसारखी थोडी वरखाली होते.

खरी मेख या आट्यांत आहे. वर एक आणि खाली एक असे प्रत्येक बाजूला दोन ट्रनिअन, आणि त्या प्रत्येकाला ग्रीस निपल. सुरुवातीच्या पुस्तकात दर १००० मैलांनी ग्रीस भरायला सांगितले होते. ग्रीस मिळाले तर आटे वर्षानुवर्षे टिकतात. नाही मिळाले तर पाणी शिरते, गंज धरतो, आटे पातळ होत जातात आणि वरून काही दिसत नाही. मग एके दिवशी, बहुधा हळू चालत असताना किंवा गाडी लावताना सुकाणू पूर्ण वळवले की पिन ट्रनिअनमधून निसटते आणि चाक बाहेरच्या बाजूला आडवे पडते. हळू असताना घडले तर पत्र्याचे नुकसान. घाट उतरताना घडले तर माणसांचे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि उसाच्या शेतातल्या लाल चिखलात राहणाऱ्या गाडीला हे लवकर होते.

पण हे पाहणे आणि बदलणे घरी जमण्यासारखे होते, यातच त्या माणसाची करामत. चाक जमिनीपासून उचलून वरून आणि खालून धरून हलवले की ढिलाई हाताला कळते. एक जण हलवतो, दुसरा बॅटरी घेऊन आत पाहतो की हालचाल बुशमध्ये आहे, ट्रनिअनमध्ये आहे की चाकाच्या बेअरिंगमध्ये. काम सुरू करण्यापूर्वी गाडी सांगाड्याखाली पक्क्या स्टँडवर ठेवायची. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, आणि विटांच्या चवडीवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. वीट फुटताना आधी सूचना देत नाही. चाक काढले की खालच्या हाताखाली दुसरा जॅक लावून तो थोडा उचलून धरायचा, कारण सळईतला पीळ अजून जिवंत असतो. ही पायरी विसरून वरचा जोड सोडवला तर हात झटक्याने खाली येतो, आणि मध्ये बोटे असतील तर ती गेलीच.

मग वरच्या ट्रनिअनची पिन काढायची, सुकाणूच्या दांड्याचा जोड सोडवायचा आणि जॅक हळूहळू, अगदी हळूहळू खाली घ्यायचा. पीळ संपला की हात मुकाट लोंबतो. आता खालच्या हाताचे पुढचे पाते थोड्याच नटांवर सुटून येते. मागचे पाते सळईच्या दातांत बसलेले असते. त्याला बहुधा हात लावावा लागत नाही. खांद्यातले जुने रबर बहुधा चपटे आणि तेलाने फुगलेले निघते, तिथे नवे घालायचे. ट्रनिअन आणि पिन एकत्रच बदलावी. नव्या पितळेत जुनी झिजलेली पिन घालणे म्हणजे फाटक्या सदऱ्याला नवी बटणे. पिन बदलायची तर ब्रेकची नळी सोडवावी लागते आणि मग ब्रेकमधली हवा काढावी लागते, हे आधीच धरून चालावे. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट दिशेचे असतात, त्यामुळे भाग विकत घेताना बाजू सांगून घ्यावा. बसवताना ट्रनिअन आट्यांवर पूर्ण आत फिरवून मग जरासा मागे घ्यायचा, म्हणजे चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळते.

आणखी एक गोष्ट, जी घाईत बहुतेक जण चुकवतात. रबरी बुशचे नट गाडी अधांतरी असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाक लावून, गाडी जमिनीवर उतरवून, तिचे वजन तिच्या पायांवर आल्यावर मग आवळायचे. आधीच आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. शेवटी नव्या कॉटर पिना घालायच्या, ग्रीस भरायचे (चाक उचललेले असताना भरले तर ते दाबाच्या बाजूलाही पोहोचते) आणि चाकांची दिशा गॅरेजात मोजून घ्यायची. दोन माणसांचे एका दिवसाचे काम. हवे काय, तर पाने, जॅक, स्टँड, हातोडा आणि धीर. खास हत्यार जवळजवळ लागत नाही. पाच वर्षे स्वतःच्या गॅरेजात बसलेल्या माणसाने आखलेला हात असा असतो.

भारतात जाऊन आलेल्या वाचकांना ही सळई दुसऱ्याही गाडीत भेटलेली असेल. १९४८ च्या मोठ्या मॉरिस ऑक्सफर्डलाही इस्सिगोनिस यांनी अशीच टॉर्शन बारची रचना दिली होती. त्या गाडीच्या पुढच्या पिढीवरून कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात अ‍ॅम्बॅसॅडर निघाली, आणि ती २०१४ पर्यंत बनत राहिली. महाराष्ट्रातले कलेक्टर आणि मंत्री कित्येक वर्षे याच रचनेवर बसून खड्डे ओलांडत होते.

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या कंपन्या एक होऊन बी.एम.सी. झाली तेव्हा इस्सिगोनिस अ‍ॅल्विस कंपनीत गेले. तिथली त्यांची मोठी गाडी खर्चामुळे कागदावरच राहिली, पण अ‍ॅलेक्स मोल्टन या रबराच्या जाणकाराशी तिथे स्नेह जुळला. १९५५ मध्ये ते परत आले, या वेळी बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजला. पुढच्याच वर्षी सुएझ कालव्याचे प्रकरण घडले, इंग्लंडात पेट्रोल रेशनवर आले, आणि कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी त्यांना एक खरीखुरी छोटी गाडी करायला सांगितले. अट एकच : इंजिन कंपनीकडे असलेलेच वापरायचे.

मिनीची कथा जगाला माहीत आहे, म्हणून आम्ही ती थोडक्यात सांगतो. दहा फूट लांबी, इंजिन आडवे, गिअर इंजिनच्या तेलाच्या टाकीत, पुढच्या चाकांना शक्ती, दहा इंची चाके, आणि चार माणसांना पुरेशी जागा. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ती बाहेर आली. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये तिने माँटे कार्लोची शर्यत जिंकली. ऑक्टोबर २००० मध्ये शेवटची मिनी बनली तेव्हा आकडा ५३ लाखांवर गेला होता. आज रस्त्यावर नवी मोटार दिसली की तिचे इंजिन बहुधा आडवे असते आणि शक्ती पुढच्या चाकांना जाते. ही वाट रुळवली ती मिनीने.

पण तिच्या हातांकडे पाहा. स्प्रिंगच्या जागी मोल्टन यांचे रबरी शंकू, लाइटवेट स्पेशलची आठवण. खालचा पुढचा हात साधा आहे. दोन रबरी बुश, एक पिन आणि एक नट. तो आजही घरी सहज बदलता येतो. वरचा हात मात्र शंकूच्या दाबाखाली अडकलेला. तो काढायचा तर शंकू दाबून धरणारे खास हत्यार हवे. मागचा हात तर त्याहून अवघड. त्याच्या पिनेवर एका टोकाला सुयांचे बेअरिंग आणि दुसऱ्या टोकाला काशाचे बुश असते. ग्रीस कमी पडले की पिन खाल्ली जाते, मागचे चाक आत झुकते आणि टायर बॉडीला घासू लागतो. हात उतरवणे घरी जमते, पण नवे बुश ठोकल्यावर ते दोन्ही टोके एका रेषेत धरून मापात कोरून घ्यावे लागते, आणि त्यासाठी वर्कशॉप गाठण्यावाचून गत्यंतर नाही. जागा वाचवण्याच्या ध्यासात दुरुस्त करणाऱ्याच्या बोटांना जागा उरली नाही.

१९६२ च्या मॉरिस ११०० मध्ये ते आणखी पुढे गेले. रबराबरोबर द्रव आला. पुढच्या आणि मागच्या चाकाची कुपी नळीने जोडलेली. पुढचे चाक उचलले की द्रव मागे जाऊन मागची बाजू उचलतो आणि गाडी सपाट राहते. हायड्रोलास्टिक हे तिचे नाव. बसणाऱ्याला सुख. पण त्या जोडणीला हात लावायचा तर आधी द्रव सोडायचा आणि नंतर खास पंपाने पुन्हा दाब भरायचा. घरच्या अंगणात तो पंप कोणाकडे असणार? १९६४ मध्ये ही रचना मिनीलाही दिली, पण पुढे खर्चामुळे कंपनीने मिनीवर पुन्हा रबरी शंकूच बसवले. ११०० मात्र साठच्या दशकात बहुतेक वर्षे इंग्लंडात सर्वांत जास्त खपणारी गाडी होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

स्वभावाने ते राजा होते. मित्रांमध्ये विनोदी, मुलांमध्ये रमणारे, कामात मात्र दुसऱ्याचे ऐकणे नाही. मोटारीतल्या रेडिओचा त्यांना तिटकारा होता. फार सुखाच्या खुर्चीत चालक झोपाळतो, म्हणून खुर्ची थोडी अडचणीचीच बरी, असे ते मानत. बाजारात विचारणा करून गाडी आखणे त्यांना अपमान वाटे. मायनरच्या वेळी त्यांच्या भोवती थॉमस, डॅनियल्स, जॉब अशी तोलणारी माणसे होती आणि हातात घरच्या गॅरेजची आठवण ताजी होती. पुढे कीर्ती वाढली तसे तोलणारे कमी झाले, असे आम्हाला त्यांचे चरित्र पाहताना वाटते. फोर्ड कंपनीने एक मिनी विकत घेऊन सुटी केली, प्रत्येक भागाची किंमत मांडली आणि बी.एम.सी. प्रत्येक गाडीमागे सुमारे ३० पौंड गमावत असावी असा हिशेब काढला, ही गोष्ट मोटार-जगतात प्रसिद्ध आहे. १९६४ ची १८०० आणि १९६९ ची मॅक्सी या त्यांच्या मोठ्या गाड्या प्रशस्त होत्या, पण अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत.

१९६७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९६९ मध्ये सर ही पदवी मिळाली. गणितात तीनदा नापास झालेल्या मुलाला हे दोन्ही मान! पण १९६८ मध्ये कंपनी लेलँडमध्ये विलीन झाली होती आणि नव्या मालकांनी त्यांना बाजूच्या खोलीत बसवले. तिथे त्यांनी मिनीच्या जागी घ्यायची एक नवी गाडी तयार केली होती, मिनीपेक्षा कमी भागांची आणि हलकी. तिला नाइन-एक्स म्हणत. ती कधीच कारखान्यात गेली नाही. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा भेट म्हणून त्यांनी मेकानोचा सर्वांत मोठा संच मागून घेतला, तो मुलांचा नट-बोल्टांचा खेळ. घरी बसून ते त्यातून यंत्रे जोडत राहिले आणि कंपनीला सल्लाही देत राहिले. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागातील आपल्या घरी त्यांचे निधन झाले.

मायनरचे ट्रनिअन, पिना, बुश आणि खालच्या हातांची पाती अजूनही नवी बनतात आणि इंग्लंडातून मागवता येतात. पहिल्या क्रमांकाची मायनर इंग्लंडात गेडन येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.